टाचेनं लोटलेलं दार

विद्यापीठाच्या नाट्यगृहामागे एक लांबोडकी खोली होती. छपरात काचा बसवलेल्या, त्यामुळे दिवसभर वरून पातळ दुधासारखा उजेड झिरपत राहायचा. जमिनीवर कधी समुद्र पसरलेला असायचा, कधी राजवाड्याचा जिना, कधी नुसतंच संध्याकाळचं आभाळ. आणि त्या आभाळावर, पायात फक्त मोजे घालून, लांब काठीला बांधलेला कुंचला हातात धरून एक म्हातारा सावकाश चालत असायचा. नाटकांचे पडदे रंगवणारे हे काका. त्यांचं खरं नाव कचेरीत कुणाला तरी ठाऊक असेल, पण बाकी सगळ्यांसाठी ते डुलकीकाका.

त्याचं कारण असं, की काका थोडं रंगवायचे, मग कडेच्या शिडीवर चढून वरच्या पायरीवर बसायचे आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी खाली बघत राहायचे. दारातून डोकावणाऱ्याला वाटायचं, म्हातारबुवा झोपले. एकदा नव्यानेच आलेल्या एका सरांनी तर घाबरून धावत येऊन त्यांचे पायच घट्ट धरले. "अहो, पडाल ना!"

"सर, पाय सोडा, नाहीतर आता खरंच पडेन," काका वरून म्हणाले.

झोपलेले नव्हतेच ते. डोळे अर्धे मिटले की पडदा लांब जातो. बारीकसारीक गळून पडतं, आणि जे उरतं तेच नाट्यगृहात मधल्या रांगेतल्या माणसाला दिसणार असतं. काकांची सगळी विद्या त्या मधल्या रांगेसाठी. झाड म्हणजे तीन हिरवे फटकारे आणि एक काळा. खिडकी म्हणजे एक करडा चौकोन, त्यावर पांढऱ्याची तिरकी रेघ. पडद्यापाशी उभं राहून पाहिलं तर वाटावं, कुणीतरी रंगाच्या बादल्या लाथाडल्यात. मागे सरकत गेलं की त्या सांडलवंडीतून हळूहळू गाव वर येई. "जवळून बघायला येतंय कोण?" काका म्हणायचे. आणि खोटं कशाला बोला, शिडीवर बसल्या बसल्या कधीकधी त्यांना खरीखुरी डुलकीही लागायची. काम आणि झोप यांच्यामध्ये त्यांनी कधी भिंत घातलीच नव्हती.

डोळेही धंद्याला साजेसे झाले होते. लांबचं लख्ख दिसे, जवळचं सगळं धुक्यात. काकू सगळ्यांना सांगायच्या, "समोरच्या गच्चीवर कुणाचा टॉवेल वाळतोय ते बरोबर सांगतील. ताटात काय वाढलंय ते मात्र मला विचारतील." चष्म्याचं नाव काढलं की काका म्हणत, "माझं काम लांबचं आहे." मग काकू हात टेकायच्या आणि त्यांच्या सदऱ्याचं उलटं लावलेलं बटण काढून सुलटं लावायच्या.

त्या वर्षी विद्यापीठातल्या मुलांनी एक कार्यक्रम हाती घेतला. दूरच्या एका मुलखात लढाई पेटली होती आणि तिथून घरंदारं सोडून आलेली काही कुटुंबं या शहरात राहत होती. त्यांच्या सोबतीला म्हणून मुलांनी आठवडाभर चित्रं, गाणी, चर्चा असं बरंच काही ठरवलं. त्यात पुढे होती घाईताई. ही शेवटच्या वर्षाची मुलगी. बोलता बोलता चालायची, चालता चालता पळायची, म्हणून तिला हे नाव पडलेलं.

"काका, एक गल्ली हवीय," ती दारातूनच म्हणाली.

"कुठली?"

"त्यांची. ती आता उरली नाही काका. शेवटच्या दिवशी स्टेजवर त्यांच्या मागे त्यांची गल्ली असेल, पुढे ते बसतील आणि बोलतील. आपण फक्त ऐकायचं. फार भाषणं झाली आपली."

"फोटो?"

"पळताना फोटो कोण गोळा करतं? ते येऊन सांगतील तुम्हाला. चालेल ना? मी निघते." आणि ती गेलीसुद्धा.

तशी माणसं येत गेली. कुणी सांगे, वळणावर पाण्याचा नळ होता. कुणी म्हणे, वळणावर नव्हे, वळणाच्या पुढे. दोघं भांडत आणि काका मध्येच खडू लावलेलं सूत मारून जमिनीवरच्या कापडावर सरळ रेघ उमटवत. बाकीचे एकदोनदा येऊन गेले, पण नेमाने येत राहिली ती एक मावशी. तिची भाची जवळच्या कपडे धुण्याच्या दुकानात कामाला होती. दुपारच्या सुट्टीत ती मावशीला हाताला धरून आणायची. मावशीला इथली भाषा येत नव्हती. ती उपड्या बादलीवर बसून बोलायची, भाची ते इथल्या भाषेत आणायची, आणि काका कोपऱ्यातल्या शेगडीवर रंगात घालायचा सरस ढवळत ऐकायचे.

काय सांगायची मावशी! सकाळी ऊन आधी कुठल्या भिंतीवर यायचं. संध्याकाळी ते जाताना कुणाच्या खिडकीत अडकायचं. गल्लीच्या टोकाला शिंपी राहायचा, तो कायम गुणगुणायचा आणि त्याला कधीच एकही गाणं पूर्ण येत नसे. ऐकता ऐकता काकांचे डोळे अर्धे मिटत. सरसाच्या वाफेत ती गल्ली उभी राही. ते घरी जाऊन दुपारचे आडवे झाले की मोजे घालूनच त्या गल्लीतून चालू लागत. पायाखाली दगड कोमट लागायचे. कुठल्याशा खिडकीतून अर्धंच गाणं ऐकू यायचं आणि थांबायचं. शिंपी मान वर न करता म्हणायचा, "आलात? नळ वळणाच्या पुढे आहे, बघून घ्या." जाग आल्यावर काका काकूंना म्हणाले, "नळाचा प्रश्न सुटला."

"बरं झालं. आपल्या न्हाणीतला कधी सुटतोय?" काकू म्हणाल्या. घरचा नळ कधीपासून गळत होता.

एकदा मावशीने आपल्या दाराबद्दल सांगितलं. दार निळं, उन्हाने पिठूळ झालेलं. खाली, जमिनीपासून वीतभर वर, रंग झिजून लांबट गोल चट्टा पडला होता. दोन्ही हात कायम भरलेले. कधी धुण्याची पाटी, कधी मूल, कधी भाज्या. मग आत शिरलं की दार टाचेनं मागे लोटायचं. सगळं आयुष्य तसंच लोटलं. सासू ओरडायची, "दार काय पायाने लावतात? दार आहे की गाढव?" आणि मग एकदा मावशीने चोरून पाहिलं, तर दोन्ही हातांत घागरी घेऊन सासूबाईही टाचच वापरत होत्या.

भाची हे सांगताना हसली, मावशी हसली, काकाही हसले.

"तो चट्टा काढाल ना, म्हणतेय," भाची म्हणाली.

"हो, हो," काका म्हणाले.

आता हे 'हो' काकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. नाटक बसवणारे येऊन म्हणत, काका, आभाळात चांदण्या मोजता आल्या पाहिजेत. काका म्हणत, हो. राजवाड्याच्या खांबावर वेलबुट्टी हवी. हो. मग ते मधल्या रांगेतून जे दिसेल तेवढंच काढत, आणि आजवर कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. वीतभर चट्टा तर पहिल्या रांगेतूनही दिसणार नाही, असा हिशेब त्यांनी मनात केला आणि दारावर निळ्याचे दोन रुंद फटकारे ओढून ते पुढच्या भिंतीकडे वळले. मावशीला मात्र 'हो' म्हणजे हो एवढंच ठाऊक होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी पडदा टांगला. दिवे लागले. खुर्च्यांवर बसलेल्या त्या कुटुंबांमध्ये एक सुस्कारा उमटला आणि मग एकदम गलका झाला. प्रत्येक जण बोट दाखवून दुसऱ्याला आपली खिडकी सांगत होता. नळावरून भांडलेले दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. काका मधल्या रांगेत बसले होते. समोर ती गल्ली अशी उभी होती, की आत पाऊल टाकावं आणि संध्याकाळपर्यंत परत येऊ नये. इतकी वर्षं रंगवलं, पण असं कधी उतरलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. स्वतःचं कौतुक त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी घाईघाईने नाक शिंकरलं.

तेवढ्यात मावशी उठली. ती बाजूच्या पायऱ्या चढून स्टेजवर गेली आणि आपल्या दाराच्या दिशेने चालू लागली.

काका खुर्चीतून अर्धे उठले. 'नका जाऊ जवळ,' त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, पण मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती. मावशी चालत राहिली, आणि तिच्या एकेका पावलासरशी तिची गल्ली तिच्या डोळ्यांदेखत विरघळत गेली असणार. खिडकीचा झाला चौकोन, भिंतीचे झाले डाग. दारापाशी ती थांबली तेव्हा तिच्यासमोर निळ्या रंगाचे दोन फटकारे होते, बाकी काही नाही. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग ती दाराकडे पाठ करून वळली, तिचा उजवा पाय आपसूक थोडा मागे गेला आणि टाचेनं काहीतरी चाचपडू लागला. तिथे सपाट कापड होतं.

ती खाली आली आणि अगदी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली.

भाची बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली. मग काकांकडे आणि घाईताईकडे येऊन म्हणाली, "मावशी उद्या बोलणार नाही."

"अगं, सुरुवातच तिच्यापासून आहे!" घाईताई म्हणाली. "आणि परवा ती तिच्या मुलाकडे जाणार ना, दुसऱ्या गावी? परत कधी भेटणार आम्हाला?"

"मी सांगितलं. ती म्हणते, लांबून बघायला इथे कशाला यायचं? लांबूनच तर बघतेय, तिथून निघाल्यापासून. मला एकदा दारापाशी जायचं होतं."

घाईताई पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली. "काका, आमचेही सगळे कार्यक्रम असेच असतात का हो?" तिने विचारलं. काका आपले मोजे बघत होते, म्हणजे त्यांना मोज्यांच्या जागी जे धुकं दिसे ते बघत होते.

संध्याकाळी काकूंनी दोनदा वाढायला विचारलं, काकांनी दोनदा मान हलवली.

"आवडली नाही का त्यांना गल्ली?"

"आवडली. लांबून."

"मग?"

काकांनी सगळं सांगितलं. काकू सदऱ्याला बटण लावत ऐकत होत्या. मग दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होतात. आठवतंय? खूप वेळ नुसते बघत. शेवटी मीच ओलांडून आले."

"गाड्या फार होत्या."

"एकही नव्हती," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आपला चष्मा काढून काकांच्या नाकावर चढवला. गुलाबी चौकटीचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

धुकं हटलं. समोर काकूंचा चेहरा होता, इतका जवळ आणि इतका भरलेला, की काका दचकले. डोळ्यांच्या कडांना कितीतरी बारीक रेघा, आणि हनुवटीखाली एक तपकिरी तीळ.

"हा तीळ कधीपासून?"

"जन्मापासून. मधल्या रांगेतून दिसला नसेल."

काका खूप वेळ बघत राहिले. शेवटी काकू म्हणाल्या, "पुरे आता, लाज वाटते," आणि चष्मा काढायला हात पुढे केला. पण काकांनी तो उद्यापुरता मागून घेतला.

सकाळी ते धुलाईच्या दुकानावर मावशी आणि भाची राहत त्या खोलीशी जाऊन उभे राहिले. भाचीने दार उघडलं. आत मावशी आपली पिशवी भरत होती. वाटेत काकांनी बोलायचं सगळं जुळवलं होतं, ते दारातच विसरले.

"मी हो म्हणालो आणि काढलं नाही," ते म्हणाले. "लांबून दिसणार नाही, म्हणून सोडून दिलं. माझं चुकलं. आता याल का? जवळ बसा. म्हणाल तसं काढतो."

भाचीने सांगितलं. मावशीने वर पाहिलं, आणि म्हाताऱ्याच्या नाकावरचा तो गुलाबी, दोरा गुंडाळलेला चष्मा तिला दिसला. ती आधी ओठ दाबून राहिली, मग तिला हसू आवरेना. पिशवी तशीच ठेवून तिने चपला घातल्या.

स्टेजवर पुन्हा ती उपडी बादली आली. काका दारापुढे गुडघ्यांवर बसले. त्यांच्याकडे बारीक कुंचला नव्हताच कधी. नटांना रंगवणाऱ्या बाईंकडून त्यांनी भुवया रेखायची काडी मागून आणली. चट्टा नेमका कुठे, म्हणून मावशीने चप्पल काढून, पाठमोरी उभी राहून टाच कापडाला टेकवली. काकांनी टाचेभोवती खडूने रेघ ओढली. मग कामाला लागले.

असं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. चष्म्यातून कापडाचा एकेक धागा दिसत होता. मावशी भाचीकरवी सांगे, वरचा रंग निळा, पण तो झिजून खालचा हिरवा दिसायचा. ती नव्याने त्या घरात आली तेव्हा दार हिरवं होतं. काका काडी रंगात बुडवून हिरवा रेखत. त्याच्याही आत, मधोमध, एक पिवळसर. तो सासूच्या काळचा. आणि अगदी आत लाकूड, टाचेच्या घामाने काळं गुळगुळीत झालेलं. मध्येच मावशी नको नको म्हणून हात हलवायची, आणि काका पुसून पुन्हा काढायचे. शेवटी तर तिने आपला अंगठाच ओल्या रंगावर टेकवला आणि जपून, बाळाचं तोंड पुसावं तसा फिरवला. ते बरोबर झालं. वरच्या दिव्यांचा उजेड दोघांच्या पाठीवर पडला होता. त्या वेळी नाट्यगृह कुठे होतं, शहर कुठे होतं, कुणास ठाऊक. दाराची एक वीत तेवढी खरी होती.

"काका!" खुर्च्यांमधून घाईताईचा आवाज आला. "काका, इथून दाराखाली डाग दिसतोय. ओल आल्यासारखा."

काका उठले, गुडघे कुरकुरले. ते मधल्या रांगेत गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे अर्धे मिटले. पोरीचं खरं होतं. गल्लीभर पसरलेल्या त्या उन्हात दाराखाली एक मळकट ठिपका बसला होता, नव्या सदऱ्यावर आमटी सांडावी तसा. बाजूला निळ्याची बादली होती. एक फटकारा मारला की संपलं. हात शिवशिवला त्यांचा. आजवरचा प्रत्येक पडदा त्यांना म्हणत होता, मार.

त्यांनी बादली उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"राहू दे," परत येऊन ते म्हणाले. "ज्याला डाग वाटेल त्याने जवळ येऊन बघावं."

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. मावशी मधल्या खुर्चीवर बसली होती, भाची शेजारी. घाईताईने दोन वाक्यांत नमस्कार आटोपला. मावशी उठली, पण पुढे ध्वनिक्षेपकाकडे आली नाही. मागे आपल्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच बोलली. भाचीने सांगितलं, "ती म्हणते, तुम्हाला तिथून माझ्या दाराखाली डाग दिसत असेल. तो डाग नाही. या, वर या, दाखवते."

कुणी हललं नाही. नाट्यगृहात बघायला आलेली माणसं स्टेजवर जात नसतात. सगळे एकमेकांकडे बघू लागले. पहिल्या रांगेतल्या मोठ्या सरांनी खिशातलं भाषण चाचपून पाहिलं. मावशी तशीच उभी. काकांचा जीव टांगणीला लागला.

मग त्यांच्या शेजारी खुर्ची वाजली. काकू उठल्या होत्या.

"आणा माझा चष्मा," त्या म्हणाल्या. आणि काकांच्या कपाळावरून तो काढून घेऊन, पदर सावरत, सगळ्यांच्या देखत पायऱ्या चढून गेल्या. दारापुढे मावशी वाकली, काकू वाकल्या. काय बोलणं झालं ते खाली कळलं नाही. काकूंना ती भाषा येत नव्हती, आणि भाचीकडे तर दोघींपैकी एकीनेही पाहिलं नाही. पण दोघी एकाएकी मोठ्याने हसल्या. काकूंनी आपली टाच उचलून दाखवली, मावशीने मान डोलावली.

त्यानंतर माणसं उठू लागली. चार वर गेली, आणखी काही गेली, मग पायऱ्यांवर रांग लागली. नळावरून भांडणारे दोघं लोकांना नळ दाखवू लागले, शिंप्याच्या खिडकीशी कुणी अर्धं गाणं म्हणून दाखवलं. ठरलेली चर्चा ठरल्यासारखी झालीच नाही. ती सगळ्या स्टेजभर, दोघातिघांच्या घोळक्यांत, हळू आवाजात सांडून गेली. मोठे सरही वर गेले आणि गुडघ्यांवर बसून बराच वेळ त्या वीतभर दाराकडे बघत राहिले. भाषण खिशातच राहिलं.

काका एकटे मधल्या रांगेत उरले होते. चष्मा नव्हता, आणि लांबचं त्यांना लख्ख दिसत होतं. आजवर त्यांच्या पडद्यांपुढे नट उभे राहिले होते, पाठ करून आलेलं बोलून गेले होते. त्यांच्या गल्लीत राहायला कुणी आलं नव्हतं. आज माणसं भिंतींना टेकून उभी होती, दारांशी थांबून विचारपूस करत होती. घाईताई चक्क बसली होती, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर, हनुवटीला हात लावून. काकांचे डोळे हळूहळू अर्धे मिटले. मागून जाणारा कुणीतरी म्हणाला, "बघा, काकांना लागली डुलकी."

घरी आलेल्यांना चहा द्यायला हवा, असं मावशीने ठरवलं असावं. कुणाला काही कळायच्या आत तिने विंगेतून कपांचा मोठा ट्रे उचलून आणला. दोन्ही हातांनी तो सांभाळत, गर्दीतून वाट काढत ती आपल्या दारापाशी आली. बोलता बोलता, मागे न बघता, तिने टाच मागे नेली आणि दार लोटलं.

टाच नेमकी जागेवर लागली. कापड हललं, आणि ती लाट दारापासून निघून भिंतींवरून, खिडक्यांवरून, शिंप्याच्या घरापर्यंत सरकत गेली. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी ती सगळी गल्ली एकदा थरथरली आणि पुन्हा स्थिर झाली. मावशी ट्रे घेऊन पुढे गेली होती.